हंगामात भरलेले दिवस

दसऱ्याच्या आसपास बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं, पुढे गव्हाणीत मोळी पडते आणि बारामती-इंदापूरचा गाळप हंगाम सुरू होतो. सोमेश्वरनगर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर असे सहकारी कारखाने या दोन तालुक्यांत थोड्या थोड्या अंतरावर उभे आहेत, आणि त्यांच्या जोडीला खासगीही आहेत. मग चार-पाच महिने रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या, फडात तोड, आणि तोड उरकलेल्या रानात पेटवलेलं पाचट. शेजारच्या दौंड तालुक्यात त्यात गुऱ्हाळांची भर पडते. हे सगळे थंडीचे महिने. रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, वर मात्र उबदार हवेचा थर राहतो. धुराला वर जायला वाट उरत नाही आणि तो पहाटेपर्यंत शिवारावर पसरून राहतो. पावसाळ्यात तोच धूर वाऱ्यापावसाने विरून गेला असता.

याच महिन्यांत जिचे दिवस भरत आले आहेत, तिच्या पोटातल्या बाळाच्या वजनावर या धुराचा काय परिणाम होतो, ते या प्रकरणात पाहायचं आहे.

गर्भ सगळे नऊ महिने सारख्या वेगाने वाढत नाही. अठ्ठावीस आठवड्यांच्या गर्भाचं वजन साधारण एक किलो भरतं. जन्माच्या वेळी ते पावणेतीन-तीन किलोपर्यंत जायला हवं. म्हणजे जवळजवळ दोन तृतीयांश वजन शेवटच्या बारा आठवड्यांत चढतं. माघ-फाल्गुनात जन्मणाऱ्या बाळाचे हे बारा आठवडे ऐन हंगामात येतात. शेवटच्या महिन्यांतली हवा किती महत्त्वाची, हे बीजिंगमध्ये एका वेगळ्याच निमित्ताने दिसलं. २००८च्या ऑलिंपिकसाठी तिथल्या सरकारने कारखाने आणि वाहनं काही आठवडे आवरली, हवा सुधारली. ज्या बाळांचा आठवा महिना नेमका त्या काळात आला, ती २००७ आणि २००९च्या त्याच दिवसांतल्या बाळांपेक्षा सरासरी २३ ग्रॅमने जड निघाली. आठव्याच्या आधीच्या महिन्यांत स्वच्छ हवा मिळालेल्या बाळांत असा फरक दिसला नाही.

तेवीस ग्रॅम म्हणजे काहीच नाही, असं वाटणं साहजिक आहे. दवाखान्यातल्या काट्यावर तेवढा फरक टिपलाही जात नाही. नर्सबाईंच्या हाती एकाच वेळी दोन बाळंतपणं असतात, काट्याचा आकडा हलत असतो, आणि नोंदवहीत २.५ किंवा ३ असा गोल आकडा पडतो. देशभरच्या आरोग्य सर्वेक्षणांत २५०० आणि ३००० ग्रॅमवर नोंदींचा ढीग दिसतो, त्याचं कारण हेच. या दोनांपैकी २५००चा आकडा फार मोलाचा आहे, कारण त्याखालचं बाळ ‘कमी वजनाचं’ ठरतं. अशा बाळाला अंग गरम ठेवणं जड जातं, दूध ओढायला ताकद पुरत नाही, जंतुसंसर्ग लवकर होतो. इंग्लंडमध्ये साउदम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी पुढचा धागाही दाखवला: जन्मतः हलकी असलेली माणसं पुढे हृदयरोगाला जास्त बळी पडतात.

तेवीस ग्रॅमचं मोल समजायला आपल्या जिल्ह्यातल्याच एका अभ्यासाकडे जावं लागतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास हाती घेतला. शेतात राबणाऱ्या या बायांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आत होतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास भरली. साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची होती. आपली बाळं प्रत्येक मापात लहान होती, फक्त कातडीखालची चरबी त्यांनी राखून ठेवली होती. याज्ञिकांनी त्यांना ‘बारीक पण चरबीयुक्त’ म्हटलं आणि पुढच्या मधुमेहाचं बीज तिथे शोधलं. ज्या आयांच्या ताटात पालेभाज्या, फळं आणि दूध होतं, त्यांची बाळं मोठी होती. ज्यांच्यावर कामाचा बोजा जास्त, त्यांची लहान. या अभ्यासाचा विषय आहार होता, धूर नव्हे. पण धुराचं गणित त्यावाचून मांडता येत नाही.

ते गणित ढोबळ मानाने असं. साउदम्प्टनमध्ये सरासरी साडेतीन किलो असल्यामुळे फार थोडी बाळं २५०० ग्रॅमच्या रेषेजवळ असतात. सगळ्यांचं वजन वीस ग्रॅमने घटलं, तर हजारातली दोन-तीन बाळं रेषेखाली जातील. आपल्याकडे सरासरीच २७०० ग्रॅमच्या आतबाहेर. बाळांची गर्दी त्या रेषेलगतच आहे. इथे तेवढ्याच घटीने हजारामागे वीसेक बाळं खाली घसरतात. धूर तोच आणि घट तीच, पण नुकसान सात-आठ पटीने जास्त. कमी खाणाऱ्या, जास्त राबणाऱ्या आईच्या बाळाकडे राखीव असं काही उरलेलंच नसतं. म्हणून वीस-तेवीस ग्रॅमला मी किरकोळ म्हणायला तयार नाही.

धूर बाळापर्यंत पोचतो कसा? फुप्फुसांच्या तळापर्यंत जाणारे कण पीएम २.५ या नावाने ओळखले जातात. त्यांचा व्यास अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी. डोक्याचा केस साधारण सत्तर मायक्रोमीटर जाड असतो. कारखान्याच्या परिसरात दांडीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर जी काळी काजळी बसते, ती डोळ्यांना दिसते म्हणून तिच्याविषयी तक्रार होते. पण दिसण्याइतके मोठे कण बहुतेक नाकाघशातच अडकतात. घातक कण न दिसणारे. ते फुप्फुसात दाह निर्माण करतात, रक्तवाहिन्यांचं काम बिघडवतात, आणि त्याची झळ वारेला लागते. बाळाला लागणारा प्राणवायू आणि अन्नरस वारेतूनच जातो. ही वार बाळाला बाहेरच्या घाणीपासून राखते, असा पूर्वीचा समज होता. २०१९ साली बेल्जियममधल्या हासेल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी वारेच्या बाळाकडच्या बाजूला काळ्या कार्बनचे कण पाहिले. २०२२ साली त्यांना आणि स्कॉटलंडमधल्या अॅबर्डीनच्या संशोधकांना ते गर्भाच्या यकृतात, फुप्फुसांत आणि मेंदूतही सापडले. जगात पहिला श्वास घेण्याआधीच बाळाच्या अंगात धूर गेलेला होता.

धूर किती, वजन किती, याचा भारतातला चांगला हिशेब तमिळनाडूतून आला. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतल्या डॉ. कल्पना बालकृष्णन यांच्या गटाने शहरी आणि ग्रामीण मिळून १२८५ गरोदर बायांचा अभ्यास केला. २०१८ साली तो प्रसिद्ध झाला. दर घनमीटर हवेत पीएम २.५ दहा मायक्रोग्रॅमने वाढलं की बाळाचं वजन सुमारे चार ग्रॅमने कमी, असं त्यांना दिसलं. जगभरचे अभ्यास एकत्र करणाऱ्या २०२१च्या पाहणीत हाच आकडा बावीस ग्रॅम निघाला. फरक मोठा आहे. पण आपल्याकडच्यासारख्या दाट धुरात पुढच्या प्रत्येक दहा मायक्रोग्रॅमचा परिणाम कमी होत जातो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं. स्वच्छ हवेच्या देशांतले आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

मग चूल काढून गॅस दिला तर बाळं जड होतील का? हा सरळ प्रश्न चार देशांत एकाच वेळी विचारला गेला: ग्वाटेमाला, पेरू, रवांडा आणि भारत. भारतातली गावं तमिळनाडूच्या विलुप्पुरम आणि नागपट्टिणम जिल्ह्यांतली होती. एकूण ३२०० गरोदर बाया. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला शेगडी आणि सिलिंडर मोफत घरपोच, दुसरा गट चुलीवरच. गॅसवाल्या बायांच्या श्वासातलं पीएम २.५ घनमीटरला २४ मायक्रोग्रॅमवर आलं, चुलीवाल्यांचं ७१ राहिलं. २०२२ साली निकाल आला तेव्हा या कामात आयुष्य घातलेल्या अनेकांचा हिरमोड झाला. गॅसवाल्यांची बाळं सरासरी वीस ग्रॅमने जड होती, आणि एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून गॅसमुळे वजन वाढतं असं म्हणता येईना.

हा निकाल ‘गॅसने काही होत नाही’ अशा मथळ्यांखाली फिरला. मला तो तसा वाचणं चुकीचं वाटतं. २४ आणि ७१ यांतलं अंतर सुमारे ४७ मायक्रोग्रॅमचं. तमिळनाडूच्या हिशेबाने दहाला चार ग्रॅम, म्हणजे एकोणीस ग्रॅमच्या जवळपास. प्रयोगात वीस निघाले. एवढा बारीक फरक खात्रीने पकडायला तीन हजार बाया पुरत नाहीत, इतकंच. शिवाय गॅस पोचला तो नवव्या ते विसाव्या आठवड्याच्या दरम्यान गटात आलेल्या बायांना. तोवर वारेची घडण सुरू होऊन गेलेली असते. नंतर याच बायांच्या मोजणीत गटांऐवजी प्रत्यक्ष श्वासात गेलेला धूर धरला, तेव्हा जास्त धूर आणि कमी वजन हे नातं दिसलं, आणि काळ्या कार्बनच्या बाबतीत ते अधिक ठळक होतं. आणि गॅसवर गेल्यावरही उरलेले २४ मायक्रोग्रॅम? जागतिक आरोग्य संघटनेची वार्षिक मर्यादा ५ आहे. स्वयंपाक गॅसवर आला तरी बाहेरची हवा घरात शिरतेच.

आता हे बारामती-इंदापूरच्या घरात आणून पाहू. १ मे २०१६ला उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅस बहुतेक घरांत पोचला, ओट्यावर शेगडी आहे. पण परसात बंब आहेच. घरातल्या सहा-सात माणसांच्या आंघोळीचं पाणी त्यावर तापतं. खाली बाभळीची लाकडं, चिपाडं, वाळलेलं पाचट, आणि पेट घ्यायला एखादी प्लॅस्टिकची पिशवी. बंब पहाटे पेटतो, म्हणजे हवा सर्वांत कोंडलेली असते तेव्हा. तो पेटवायचं काम बहुधा सुनेचं, दिवस गेले असले तरी. भाकरी गॅसवर चिवट होते म्हणून ती चुलीवर, जनावरांची आंबवण चुलीवर, मटण चुलीवरच चांगलं लागतं म्हणून तेही. सर्वेक्षणात ‘स्वयंपाक कशावर?’ या प्रश्नाला बाई ‘गॅस’ असं उत्तर देते आणि ते खरंही असतं. पण पाणी कशावर तापतं, हे कोणी विचारलेलं नसतं. आशाताईंनी घरी गेल्यावर एवढा एकच प्रश्न वाढवला, तरी बरंच काही कळेल.

दुसरी गोष्ट माहेरची. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं आणि लेक माहेरी येते. म्हणजे बाळाचं वजन ज्या बारा आठवड्यांत चढतं, ते आठवडे ती वेगळ्या हवेत काढते. सुप्याच्या जिरायती पट्ट्यातून पणदऱ्याच्या बागायतीत आलेली, किंवा त्याउलट. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून हवेतल्या कणांचा अंदाज बांधून तो बाईच्या पत्त्याशी जुळवणारे अभ्यास अलीकडे बरेच होतात. पत्ता सासरचा आणि श्वास माहेरचा असेल, तर त्या हिशेबात चूक शिरणारच. माहेर-सासर दोन्ही गावं नोंदवून घेणं हे आपल्याकडच्या संशोधकाला सुचायला हवं. बाहेरून आयती आलेली प्रश्नावली ते विचारणार नाही.

आणि जिचा पत्ताच सहा महिने बदललेला असतो, ती ऊसतोड कामगार. बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून जोडपी येतात; नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, कामावर न गेलं की खाडा. कोपी पाचटाची आणि ताडपत्रीची, पुढ्यात तीन दगडांची चूल. बाई पहाटे उठून भाकऱ्या थापते, दिवसभर तोडते, मोळी डोक्यावर घेऊन ट्रॉलीवर चढते, आणि फडाच्या शेजारी पेटलेल्या पाचटाचा धूर सोसते. तिच्या गरोदरपणाचं कार्ड गावाकडच्या आशाताईंच्या यादीत असतं, आणि ती असते भीमाकाठी. तिच्या बाळाचं वजन कमी भरलं तर त्यात धुराचा वाटा किती, अंगमेहनतीचा किती, पोटाला कमी पडलेल्या घासाचा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. पण तिन्हींचा भार एकाच जिवावर आहे, हे सांगायला संख्याशास्त्र लागत नाही. मिश्रीची सवय असेल तर आणखी एक भर: मुंबईत १२१७ गरोदर बायांच्या अभ्यासात, मिश्रीसारखी बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी निघाली होती. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. ही सवय मोडायला मदत केली तर एका बाळामागे धुरापेक्षाही जास्त वजन हाती लागेल, हेही सांगितलं पाहिजे.

पाचटाकडे येतो. तोड झालेल्या रानात गुडघाभर वाळकं पाचट पडलेलं असतं, हेक्टरी आठ ते दहा टन. संध्याकाळी कडेने काडी लावतात. वाळली पानं फटाफट तडकत पेटतात, ज्वाळा माणसाच्या डोक्यावरून जातात, आणि एवढं रान थोड्याच वेळात काळं पडतं. शेतकरी हे हौसेने करत नाही. पाचट राहिलं तर सरीत पाणी तुंबतं, उंदीर होतात, खोडव्याचे फुटवे दबतील अशी भीती असते, आणि ते सारून एकाआड एक सरीत लावायला मजूर मिळत नाही. तरीही त्यात अर्धा टक्का नत्र असतं, म्हणजे हेक्टरी चाळीस-पन्नास किलो; पेटवलं की त्यातलं बहुतेक हवेत जातं. माळेगावच्या शारदानगरला कृषी विज्ञान केंद्र आहे, मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. पाचट कुजवण्याची पद्धत, कुट्टीची यंत्रं, जिवाणू कल्चर हे सगळं या भागाला ठाऊक आहे.

उसाच्या याच धुराचा आणि बाळांचा संबंध ब्राझीलमध्ये तपासला गेला. तिथल्या साओ पावलो राज्यात जगातला एक पंचमांश ऊस पिकतो, आणि तोडणीआधी उभा ऊस पेटवण्याची तिथे रीत होती. मार्कोस रांजेल आणि टॉम व्होगल यांच्यासमोर एक पेच होता. जिथे ऊस जास्त जळतो, तिथे तोड जोरात, मजुरी जास्त, हाती पैसा. म्हणजे खाणंपिणंही बरं. आगी मोजल्या तर बाळं उलट निरोगी दिसू शकतात. त्यांनी वाऱ्याचा आधार घेतला. त्याच आगीचा धूर वाऱ्याने ज्या बाजूला गेला तिथल्या आया आणि ज्या बाजूला गेला नाही तिथल्या आया, अशी तुलना केली. गरोदरपणाच्या अखेरच्या महिन्यांत धूर मिळालेली बाळं हलकी निघाली, दिवस भरण्याआधी जन्मली, आणि काही गर्भ जगलेच नाहीत. धूर न पोचलेल्या आगींच्या परिसरात मात्र बाळांचं आरोग्य सुधारलेलं होतं.

हा पेच आपल्याकडे हुबेहूब आहे. नीरा डावा कालवा आला, पुढे उजनी भरलं, ऊस आला. उसाबरोबर दूध संघ, शाळा, दवाखाने आणि २०१९ पासून बारामतीत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही आलं. बागायती गावातली बाळं मोरगाव-सुप्याच्या जिरायती गावांतल्या बाळांपेक्षा जड भरली, तर ‘धुराने काही होत नाही’ असा निष्कर्ष काढणारे निघतील. तो चुकीचा असेल. उसाने दिलेलं वजन आणि धुराने काढून घेतलेलं वजन एकाच काट्यावर येतात; दुसरं नसतं तर पहिलं आणखी दिसलं असतं.

साओ पावलोने २००२ साली कायदा करून ऊस जाळणं टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलं, आणि २००७ साली कारखान्यांशी करार करून मुदत अलीकडे ओढली. आपल्याकडे उभा ऊस जाळून आणला तर कारखाना दरात कपात करतो, कारण जळिताचा उतारा आणि वजन घटतं. म्हणजे कोणाचा ऊस जळाला, कधी जळाला, हे लिहून ठेवायची यंत्रणा गट कार्यालयात आधीच आहे. तोडणीनंतर पाचट न जाळणाऱ्या सभासदाला टनामागे थोडे पैसे जास्त देणं किंवा कुट्टीचं यंत्र आधी त्याच्या रानात पाठवणं त्याच नोंदींवर करता येईल. तोडणीचा कार्यक्रम कारखानाच ठरवतो. कोणत्या वस्तीलगतचे फड कोणत्या आठवड्यात तुटणार, हे त्याला माहीत असतं. आशाताईंकडे सातव्या महिन्यापुढच्या बायांची यादी असते. या दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या, तर निदान त्या वस्त्यांलगतचं पाचट आधी कुट्टीला घेता येईल. घरापुरतं सांगायचं तर बंब पेटवायचं काम या तीन महिन्यांत दुसऱ्या कोणीतरी करावं. नवऱ्याने केलं तर उत्तम.

बाळ जन्मल्यावरही एक काळजी उरते. बाळंतिणीची खोली बंद करून खाटेखाली शेगडी ठेवायची, ओवा आणि बाळंतशोपा निखाऱ्यांवर टाकून धुरी द्यायची, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे. ऊब हवीच, हलक्या बाळाला तर फार हवी. ती आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून, टोपरं आणि दुपटं घालून मिळते. बंद खोलीत निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, आणि तो रक्तातल्या प्राणवायूची जागा बळकावतो. आजींना हे नीट समजावून सांगितलं तर त्या ऐकतात, कारण शेगडी त्यांनी बाळाच्या मायेपोटीच ठेवलेली असते.